अस्वलांच्या मुलखात ग्लॉक २०

आमच्या घरात पिस्तुलावरून दोन पक्ष आहेत. नवऱ्याकडे रुगर कंपनीचं रेडहॉक रिव्हॉल्व्हर, पॉइंट ४४ मॅग्नम या दमदार गोळीचं. माझ्याकडे १० एमएम गोळीचं ग्लॉक २० पिस्तूल. अलास्कात अँकरेजला राहायचं आणि उन्हाळ्यात केनाई द्वीपकल्पाकडे सॅमन मासे धरायला जायचं, तर तपकिरी अस्वलं वाट्याला येणारच. तिथल्या रशियन नदीवर मासे त्यांनाही हवे असतात आणि आम्हालाही.

रेडहॉक दणकट आहे, वादच नाही. पण रिकामं असतानाच सव्वा किलोच्या वर भरतं, गोळ्या सहा, आणि पहिली सुटली की नळी आभाळाकडे. चाल करून येणारं अस्वल तासाला ५० किलोमीटरच्या वर पळतं. मनगट जागेवर येईपर्यंत ते थांबत नाही. ग्लॉक रिकामं पाऊण किलोपेक्षा थोडंच जड, मॅगझिनमध्ये १५ गोळ्या, आणि त्याचा धक्का मला सोसतो. मॅग्नमइतकी ताकद एका गोळीत नाही, मान्य. पण मला नेम लागणारी दुसरी गोळी हवी आहे. ग्रीनलंडमध्ये कुत्र्यांच्या घसरगाड्यांवरून फिरणारं डेन्मार्कचं सिरियस गस्ती पथकही पांढऱ्या अस्वलांसाठी हेच ग्लॉक बाळगतं.

पाऊस, खारा वारा, माशांचा चिकटा, सगळं सोसून माझं अजून गंजलेलं नाही. हिवाळ्यात तेल मात्र अगदी पुसटसं लावायचं, नाहीतर थंडीत घट्ट होतं.

गोळ्या घेताना माणसांसाठी बनवलेल्या, आत जाऊन फुलणाऱ्या घेऊ नका. जाड चरबी आणि हाडं भेदायला सपाट तोंडाची, टणक, जड गोळी लागते. नुसत्या शिशाची मात्र ग्लॉकच्या मूळ नळीत नको. कंपनीच ती वापरू नका म्हणते. मी तांब्याच्या आवरणाची वापरते.

नवऱ्याचा एक मुद्दा मला खोडता आलेला नाही. अस्वल अंगावर असताना नळी त्याच्या अंगात रुतली, तर पिस्तुलाची स्लाइड (वरचा सरकता भाग) मागे सरकून चाप ओढूनही गोळी सुटत नाही. रिव्हॉल्व्हरला ही अडचण नाही.

होल्स्टर, म्हणजे पिस्तुलाचं म्यान, छातीवरचंच घ्या. वेडर्स (पाण्यात उतरायची छातीपर्यंतची जलरोधक विजार) चढवले की कमरेचं पिस्तूल आत अडकतं. ग्लॉकला वेगळा सेफ्टीचा खटका नसतो, म्हणून चाप पूर्ण झाकणारं, कडक होल्स्टर हवं. त्यात काटकसर नको.

आणि हे सगळं अस्वलांवर मारायच्या मिरचीच्या स्प्रेनंतर. अलास्कातल्याच घटनांवरच्या २००८च्या अभ्यासात स्प्रेने तपकिरी अस्वलांना ९२ टक्के वेळा आवरलं होतं. शिवाय जीव वाचवायला अस्वल मारलंत, तरी ते सोलून कातडं नि कवटी सरकारजमा करावी लागते, वर लेखी अहवाल. भर पावसात, हात थरथरत असताना!

ग्लॉक २०ची मूठ जाड आहे. हात लहान असेल तर जुनं तिसऱ्या पिढीचं मॉडेल स्वस्तात मिळतं म्हणून उचलू नका. पाचव्या पिढीचं आधी रेंजवर भाड्याने चालवून बघा.