बँडची वेळ: फोनवरून की उपग्रहावरून?

शाओमी किंवा फिटबिटच्या साध्या फिटनेस बँडवर (पावलं आणि झोप मोजणाऱ्या मनगटी पट्टीवर) हाताने वेळ लावायची सोय सहसा नसतेच. ब्लूटूथने फोन जोडला की त्याची वेळ बँडवर उतरते. खटका उडतो तो प्रवासात. दुबईत फोन आपोआप दीड तास मागे जातो, पण ॲपशी सिंक होईपर्यंत बँड मुंबईच्याच वेळेवर चालतो. मग रात्रीची झोप आणि दिवसाची पावलं भलत्याच तासांत पडतात. फोनमध्येच चुकीचा टाइमझोन असेल, तर बँडही इमानेइतबारे तीच चूक दाखवतो.

गार्मिनच्या जीपीएस घड्याळांना दुसराही रस्ता आहे. मोकळ्या आकाशाखाली सिग्नल मिळाला की वेळ थेट उपग्रहाकडून येते, फोन घरी राहिला तरी चालतं. गंमत म्हणजे उपग्रहांची अणुघड्याळं जागतिक वेळेपेक्षा 18 सेकंद पुढे चालतात, कारण 1980 नंतरचे लीप सेकंद (पृथ्वीच्या फिरण्याशी मेळ ठेवायला जागतिक वेळेत अधूनमधून घातलेले जादा सेकंद) त्यांत धरलेले नाहीत. हा फरक उपग्रहच कळवतो. पण त्याचा पूर्ण संदेश यायला साडेबारा मिनिटं लागतात, त्यामुळे बरेच दिवस पडून राहिलेलं घड्याळ सुरुवातीला काही सेकंद चुकू शकतं. इमारतीत मात्र हा उपाय जवळपास निरुपयोगी.

रोज फिरायला जाणाऱ्याने केवळ वेळेसाठी महागडं जीपीएस घड्याळ घेऊ नये, फोन पुरेसा आहे. फोन न घेता धावणाऱ्याला, तेही परदेशात, उपग्रहाचा रस्ता सोयीचा.