सणांच्या जादूसाठी काय घ्यावं: तयार प्रॉप की साधं साहित्य?

श्रावण लागला की नव्याने मुलांसाठी जादूचे प्रयोग करू लागलेल्या मंडळींचे मला फोन येऊ लागतात. गोकुळाष्टमीपासून संक्रांतीपर्यंत सोसायट्या, बालवाड्या, मंडळं यांचे कार्यक्रम मिळतात, खिशात पैसे मोजके असतात आणि प्रश्न एकच असतो: सणाचं चित्र छापलेलं तयार साहित्य घ्यावं, की साधं घेऊन दर सणाला त्याला नवा साज चढवावा? जादूगार रघुवीर घराण्याचे रंगमंचावरचे प्रयोग लहानपणी पाहिलेले असतात, मोठमोठ्या पेट्या डोळ्यांत भरलेल्या असतात. पण सतरंजीवर बसलेल्या चाळीस मुलांसमोर त्या पेट्यांचं काम नसतं. इथे लागतं ते पिशवीत मावणारं, दोन हातांनी पेलणारं साहित्य.

बाजारात तयार मिळतं ते मुख्यतः ख्रिसमसचं. सांताचे रुमाल, हिममानव, ख्रिसमस ट्रीचं रंगणारं पुस्तक हे सगळं परदेशातल्या मुलांसाठी बनतं आणि तिथूनच इकडे येतं. वसई, वांद्रे किंवा गोव्यात डिसेंबरभर कार्यक्रम असतील तर जरूर घ्या, पैसे वसूल होतात. वर्षातून एकच ख्रिसमस करणार असाल तर तो सांता उरलेले अकरा महिने माळ्यावर पडून राहतो. गणपती, दिवाळी, बोरन्हाण यांचं मात्र तयार असं फार काही मिळत नाही, ते आपणच करायचं असतं. त्यामुळे निवड बहुतेक वेळा आपोआपच होते. साधं साहित्य चांगल्या प्रतीचं घ्यायचं आणि आत काय भरायचं ते सण ठरवेल.

पहिल्या खरेदीत खरी चुरस असते डव्ह पॅन आणि चेंज बॅग या दोघांत.

डव्ह पॅन म्हणजे उथळ पातेलं आणि त्यावर घुमटासारखं झाकण. पातेलं रिकामं दाखवायचं, झाकण ठेवायचं, उचललं की भरलेलं. नावात कबुतर असलं तरी आपल्याकडे त्यातून खाऊच निघायला हवा. गणपतीत मी एका मुलाला तांदळाचं पीठ टाकायला लावते, दुसऱ्याला खवलेलं खोबरं, तिसरीला गूळ. झाकण ठेवून सगळ्यांकडून एकदा ‘मोरया’ म्हणवून घेते आणि झाकण उचलते. आत एकवीस मोदक असतात. गेल्या वर्षी पुढच्या रांगेत एक सहा वर्षांची मुलगी होती. तिने मोदक पाहण्याआधी वास घेतला. तिचं नाक वर झालं, डोळे मिटले आणि ती शेजारणीला म्हणाली, ‘‘खरे आहेत गं!’’ प्लॅस्टिकचा मोदक छापील पेटीतून काढून हे साधत नाही.

पण मोदक उकडीचे घेऊ नका. मीही पहिल्या वर्षी हौसेने उकडीचेच नेले होते. गरम उकडीला पाणी सुटतं, मोदक भांड्याला चिकटतात आणि उचलताना पारी फाटते. तळणीचे किंवा माव्याचे घ्या, खाली केळीच्या पानाचा तुकडा घाला. भांडं आतून कल्हईसारखं चकचकीत दिसलं, तरी ते खाण्यासाठी बनवलेलं असेलच असं नाही, म्हणून पान हवंच. आणि मुलांनी टाकलेलं पीठ-गूळ नीट बाजूला राहील याची घरी तालीम करा, नाहीतर मोदकांवर पीठ उडतं.

डव्ह पॅनची उणीव एकच, पण ती मोठी आहे. एका कार्यक्रमात ते एकदाच वापरता येतं आणि दहा वर्षांपुढचं मूल लगेच म्हणतं, ‘‘झाकण दाखवा!’’ त्या वयाला ते पुरत नाही. शिवाय झाकण बसताना धातूचा खणखणाट होतो, तो झाकायला मुलांचा मोठा आवाज किंवा टाळ्यांचा ठेका लागतो.

चेंज बॅग ही दांडीची मखमली पिशवी. आत एक वस्तू टाकायची आणि दुसरी बाहेर काढायची. हिचा गुण असा की ती एकाच कार्यक्रमात तीनदा काम करते, उलटी करून दाखवता येते आणि वजनाला काहीच नाही. घेताना तळाला चेन असलेली घ्या. चेन उघडून आरपार हात घालून दाखवला की मोठी मुलंही गप्प होतात. भाद्रपदातल्या पावसात मंडपाचं कापड गळतं, पुठ्ठ्याचे प्रॉप फुगतात, त्यांचे कोपरे सुटतात, पण मखमल घरी येऊन दोरीवर टाकली की झालं.

दिवाळीत या पिशवीतून मी घडीचा कागदी आकाशकंदील काढते. मुलांकडून रंगीत कागदाच्या पट्ट्या टाकून घ्यायच्या, मग चपटा कंदील वर ओढायचा आणि सगळ्यांसमोर त्याच्या घड्या उघडायच्या. उघडताना कागदाचा जो खर्र आवाज होतो, त्याची मुलं वाटच बघत असतात. आत बॅटरीचा छोटा दिवा सोडला आणि मंडपातला एक बल्ब बंद केला की बाकी काही करावं लागत नाही. ज्या सोसायटीत मुलांनी किल्ला केला असेल तिथे याच पिशवीतून मातीचे मावळे काढा आणि ज्यांनी किल्ला रचला त्यांच्याच हातात द्या. ते मावळे किल्ल्यावर जाऊन उभे राहतात, कार्यक्रम संपल्यावरही.

दोन्हींतलं एकच घेणं शक्य असेल तर माझं मत चेंज बॅगेला. बालवाडी, बोरन्हाण, पहिली-दुसरीची मुलं हीच तुमची गिऱ्हाइकं असतील तर डव्ह पॅन. बोरन्हाणात तर त्याला पर्यायच नाही. काळे कपडे आणि हलव्याचे दागिने घातलेलं दोन-तीन वर्षांचं मूल पाटावर बसलेलं असतं, भोवती बाकीची पोरं बोरं-चुरमुरे वेचायला टपलेली असतात. मूठभर तीळ आत टाकून बोरं, चुरमुरे, हलव्याने भरलेलं भांडं निघालं की तेच पुढे मुलाच्या डोक्यावरून ओतायचं. जादू आणि विधी एकच होऊन जातात. तिळाच्या वड्या मात्र ओतायच्या भांड्यात नकोत, डोक्याला लागतात.

रंगणारं पुस्तक आणि उड्या मारणारे ससे

दुसऱ्या टप्प्यावर लोक या दोघांत अडकतात. रंगणाऱ्या पुस्तकात पानं आधी कोरी, मग रेघांची चित्रं, मग रंगीत. तीन वर्षांच्या मुलालाही ते कळतं, दोन-तीन मिनिटांत होतं, टेबल लागत नाही. ख्रिसमसची आवृत्ती मिळते, पण मी साधंच घ्या म्हणेन, कारण होळी-रंगपंचमीला यासारखं दुसरं काही नाही. मुलं आपल्या कपड्यांवरचा रंग चिमटीत धरून पुस्तकाकडे फेकतात आणि पान रंगतं. मर्यादा आकाराची. पन्नास मुलांपलीकडे मागच्या रांगेला काही दिसत नाही, आणि दिसलं नाही की ती रांग तुमची राहत नाही.

दोन रंगांचे दोन ससे, दोन आवरणं आणि सशांची अदलाबदल हा हिपिटी हॉपचा खेळ त्याहून मोठा, सात-आठ मिनिटांचा. मुलांना वाटतं आपण जादूगाराची लबाडी पकडली. ती ओरडतात, ‘‘फिरवा! मागून दाखवा!’’ शेवटी फिरवल्यावर भलतंच निघतं. मंडपातल्या गोंगाटात याच्याइतका चालणारा खेळ माझ्याकडे नाही. पण मुलं तिन्ही बाजूंनी बसली असतील तर तो काढूच नका, कडेची मुलं मागचं बघतात. आयोजकांना आधीच सांगा की मुलं फक्त समोर बसवायची.

सशांच्या जागी स्वतःची चित्रं करून घेता येतात, फक्त देवांची नको. हा खेळ ‘तुम्ही फसवताय’ असं मुलांकडून म्हणवून घेणारा आहे, तिथे बाप्पा किंवा कृष्ण शोभत नाही. नरकासुर शोभतो. गोव्यात नरक चतुर्दशीच्या आदल्या रात्री गावोगाव नरकासुराच्या प्रतिमा उभ्या राहतात आणि पहाटे जाळल्या जातात, मग घराघरांत फोव, म्हणजे पोहे. लाल तोंडाचा आणि हिरव्या तोंडाचा नरकासुर जागा बदलत राहिले आणि शेवटी फिरवल्यावर दोघांच्या पाठीवर फोवाच्या वाट्या निघाल्या, तर तिथल्या मुलांना वेगळं काही समजावून सांगावं लागणार नाही.

रुमालांबद्दल थोडक्यात. अठरा इंची रुमाल वर्गखोलीला पुरतो, मंडपात छत्तीस इंचीच दिसतो. सणाचं चित्र हवं असेल तर छपाई करणाऱ्याकडून पातळ कापडावर करून घ्या, जाड सॅटिन मुठीत मावत नाही. तीन रंगांचे रुमाल एक होऊन तिरंगा होण्याचा खेळ तयार मिळतो आणि १५ ऑगस्टला त्याला मागणीही असते. मी तो करत नाही. राष्ट्रध्वज चुरगाळून कुठेतरी कोंबून ठेवणं मला पटत नाही. तीन सुटे रुमाल टाकून तीन रंगांच्या पताकांची माळ काढते. अशोकचक्र त्यात नसतं आणि मुलांच्या टाळ्या तेवढ्याच पडतात.

काही गोष्टींची तुलना करायचीच नाही. फ्लॅश पेपर म्हणजे नायट्रोसेल्युलोज, क्षणात भडकतं. कापडी मंडप, समई आणि समोर मुलं असताना ते पिशवीतही नको. कागदी बर्फ आणि तोंडातून निघणाऱ्या फिती सुंदर दिसतात, पण मंडपातले पंखे ते कागद थेट समईकडे नेतात. बंद हॉलमध्ये, दिवा नसताना, ख्रिसमसला करा. लुकलुकणाऱ्या दिव्यांमध्ये बटणासारखा सेल असतो, मुलाने गिळला तर अन्ननलिका आतून भाजते, तेव्हा सेलच्या कप्प्याला स्क्रू असलेलाच दिवा घ्या आणि मुलांच्या हाती देऊ नका. जिवंत ससा-कबुतर आणायचा आग्रह आयोजक करतात. प्राणी खेळात वापरायचे तर १९६०चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आणि २००१चे नियम नोंदणी मागतात. नोंदणी असली तरी ढोल-ताशाशेजारी सशाला बसवणं मला मान्य नाही.

शेवटचा निकष मला एका चार वर्षांच्या मुलाने शिकवला. सुरुवातीच्या काळात मी गणपतीपुढे मोदक गायब करायचे. हात उघडून रिकामे दाखवले आणि तो मुलगा रडायला लागला. ‘‘बाप्पाचा मोदक कुठे गेला?’’ मी नंतर तो परत काढून दाखवला, त्याने तो हातातही घेतला नाही. तेव्हापासून सणाचं साहित्य निवडताना मी आधी बघते की यातून वस्तू येते की जाते. सणात घरी काहीतरी येत असतं, म्हणून येणाऱ्या वस्तूंचे खेळ घ्या.

याला अपवाद आहे तो गोकुळाष्टमीचा. दुधाचा जग हा जुना, स्वस्त प्रॉप आहे. कागदाच्या कोनात दूध ओतायचं, जगातलं दूध कमी होताना सगळ्यांना दिसतं, मग कोन झटकला की तो कोरडा. इथे दूध गेल्याचं कुणालाच वाईट वाटत नाही. ‘‘कुणी प्यायलं?’’ एवढं विचारायचं आणि थांबायचं. उत्तर शंभर तोंडांनी येतं. जग घेताना पारदर्शक आणि न तडकलेला बघून घ्या, आणि खरं दूध वापरलं असेल तर घरी पोचल्यावर त्याच रात्री कोमट पाण्याने धुवून उपडा ठेवा. आत साय वाळली की पुढच्या प्रयोगात ती लांबूनही दिसते.