शून्य ते शंभर: जानेवारीत, फेब्रुवारीत आणि मे महिन्यात

गेल्या सप्टेंबरमध्ये घेतलेल्या माझ्या इलेक्ट्रिक एसयूव्हीला अकरा महिने झाले आणि ती 14,200 किलोमीटर चालली आहे. त्यातले बहुतेक अंतर नागपुरातल्या त्रिमूर्तीनगर ते बुटीबोरी या रोजच्या ये-जा करण्यात गेले, उरलेले समृद्धी महामार्गावर आणि काटोल-वरुडकडच्या फेऱ्यांत. रेंज, चार्जिंग आणि वीजबिल यांविषयी पुष्कळांनी लिहिले आहे, म्हणून मी ते विषय बाजूला ठेवतो. मला लिहायचे आहे ते गाडीच्या पिकअपविषयी आणि फेब्रुवारीत आलेल्या त्या सॉफ्टवेअर अपडेटविषयी, ज्याने म्हणे शून्य ते शंभरचा वेळ, म्हणजे थांबलेल्या गाडीला ताशी शंभर किलोमीटरचा वेग गाठायला लागणारा वेळ, 8.9 सेकंदांवरून 8.3 सेकंदांवर आणला.

गाडी पुढच्या चाकांवर चालणारी आहे. अपडेटच्या आधी तिची कमाल शक्ती 100 किलोवॅट होती, नंतर ती 110 झाली. मोटार तीच, बॅटरी तीच, बॅटरीची वीज मोटारीला पुरवणारा इन्व्हर्टरही तोच; बदलली ती फक्त सॉफ्टवेअरने घातलेली मर्यादा. परदेशात हा प्रकार नवा नाही. टेस्लाने डिसेंबर 2019 मध्ये दोन मोटारींच्या मॉडेल 3 साठी 2,000 डॉलरचे असेच अपडेट विकायला काढले होते आणि त्याने शून्य ते 60 मैलांचा वेळ 4.4 वरून 3.9 सेकंदांवर येईल असे सांगितले होते. मर्सिडीजने नोव्हेंबर 2022 मध्ये अमेरिकेतल्या आपल्या काही इलेक्ट्रिक गाड्यांसाठी हीच सोय वर्षाला 1,200 डॉलर भाड्याने देण्याचे जाहीर केले, तेव्हा विकत घेतलेल्या गाडीच्या शक्तीचे भाडे का द्यायचे, हा प्रश्न अनेकांनी विचारला आणि माझ्या मते तो योग्यच होता. मला अपडेट फुकट मिळाले, त्यामुळे पैशांची तक्रार नाही. पण आकडा खरा आहे का, हे तपासल्याशिवाय मला राहवले नाही.

बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीत माझ्या मामेभावाचे गोदाम आहे आणि त्या आवारात सुमारे 400 मीटरचा सरळ सिमेंटचा खासगी रस्ता आहे. रविवारी तिथे चिटपाखरूही नसते. शंभरचा वेग गाठायला माझ्या गाडीला सुमारे 145 मीटर लागतात, थांबायला त्याहून बरेच कमी, म्हणजे जागा पुरेशी होती. सार्वजनिक रस्त्यावर असले प्रयोग कोणीही करू नयेत. मोजण्यासाठी सेकंदाला दहा नोंदी घेणारे जीपीएस यंत्र वापरले. मोबाईलचे जीपीएस साधारणपणे सेकंदाला एकच नोंद घेते, त्यावर अर्ध्या सेकंदाचा फरक विश्वासाने सांगता येत नाही. गाडीचा काटा तर मुळीच धरू नये, कारण स्पीडोमीटरने खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवू नये असा नियम असल्यामुळे कंपन्या तो थोडा जास्तच दाखवतात. माझ्या गाडीत काटा 100 वर असतो तेव्हा खरा वेग 96 असतो. प्रत्येक वेळी दोन्ही दिशांनी तीन-तीन फेऱ्या मारून सरासरी काढली, म्हणजे वारा आणि चढ-उतार यांचा परिणाम बराचसा निघून जातो.

जानेवारीतल्या दुपारी, 26 अंश तापमानात आणि 80 टक्के चार्जवर, अपडेटच्या आधी शून्य ते शंभरला 9.2 सेकंद लागले. फेब्रुवारीत अपडेटनंतर, जवळजवळ तशाच परिस्थितीत, 8.7. म्हणजे कंपनीने सांगितलेले 0.6 नव्हे, पण 0.5 सेकंद खरोखर वाचले. मी आनंदाने गाडी घरी आणली आणि रात्री नोंदी उलगडून पाहिल्या, तेव्हा खरी गोष्ट कळली. शून्य ते 50 ला आधी 3.6 सेकंद लागत होते आणि नंतरही 3.6 च. 50 ते 80 हा टप्पा 3.1 वरून 2.8 वर आला आणि 80 ते 100 हा 2.5 वरून 2.3 वर. सगळा फायदा पन्नासच्या पुढचा होता.

याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. इलेक्ट्रिक मोटार सुरुवातीपासूनच पूर्ण टॉर्क, म्हणजे चाक फिरवण्याचा जोर, देते, पण कमी वेगात तिला मर्यादा असते ती टॉर्कची आणि पुढच्या टायरांच्या पकडीची. शक्तीचा पूर्ण आकडा तिथे वापरलाच जात नाही. दोन माणसे धरून सुमारे 1,700 किलोच्या गाडीला शंभरच्या वेगापर्यंत नेण्यासाठी लागणारी ऊर्जा जेमतेम 0.18 युनिट आहे. शंभर किलोवॅट पहिल्या क्षणापासून चाकांपर्यंत पोहोचले असते, तर ते काम 6.6 सेकंदांत झाले असते. तसे होत नाही, कारण पहिले साडेतीन सेकंद टॉर्कच्या मर्यादेत जातात आणि तिथे दहा किलोवॅट वाढवून काहीच पदरात पडत नाही. उलट सिमेंटवर बारीक धूळ होती त्या दिवशी पुढची चाके जागेवर फिरली, टायर किंचाळले आणि ती फेरी मला रद्द करावी लागली.

तरीही मला हे अपडेट आवडले, आणि ते याच कारणासाठी. सिग्नलवरून सुटताना पहिला नंबर लावण्याचे मला वेड नाही. वरुडकडच्या दुपदरी रस्त्यावर संत्र्यांनी भरलेल्या ट्रकच्या मागे पन्नासच्या वेगाने जात असताना ओव्हरटेक करायचे असते, तेव्हा उपयोगी पडतो तो 50 ते 80 चा टप्पा. तिथे वाचलेल्या 0.3 सेकंदांत समोरून 80 च्या वेगाने येणारे वाहन सुमारे पावणेसात मीटर जवळ येते. हे अंतर माझ्या गाडीच्या दीडपट लांबीचे आहे, आणि ते आपल्या बाजूला असावे असे मला फार वाटते.

आकड्यांची तुलना करताना मात्र फार सांभाळून राहावे लागते. अमेरिकेतला आकडा ताशी 60 मैलांचा असतो, म्हणजे ताशी 96.6 किलोमीटरचा; तिथून शंभरपर्यंतचा सुमारे साडेतीनचा उरलेला वेग गाठायला माझ्या गाडीला सुमारे 0.4 सेकंद लागतात. शिवाय तिथे ड्रॅग शर्यतींच्या प्रथेप्रमाणे पहिला एक फूट, म्हणजे सुमारे 30 सेंटीमीटर, अनेकदा मोजणीतून वगळतात. तेवढे अंतर कापायलाही माझ्या गाडीला 0.4 सेकंद लागतात. म्हणजे सॉफ्टवेअरचे एकही अक्षर न बदलता, नुसत्या मोजण्याच्या पद्धतीने, माझ्या जुन्या 9.2 चे 8.4 होतात. अपडेटने दिले त्यापेक्षा हे जास्त आहे.

आता मे महिना. नागपूरचा मे काय असतो हे इथल्या माणसाला सांगायला नको. दुपारी चार वाजता पारा 44 वर होता, गाडी सकाळपासून उघड्यावर उभी होती आणि चार्ज 28 टक्के होता. पहिल्या फेरीला 9.4 सेकंद लागले, तिसरीला 9.8, आणि डॅशबोर्डवरच्या पॉवर मीटरचे शेवटचे दोन चौकोन करडे झाले. अपडेट केलेली गाडी अपडेट न केलेल्या गाडीहून हळू झाली होती. यात बिघाड काही नाही. चार्ज कमी असला की बॅटरीचा व्होल्टेज कमी होतो, त्यामुळे तेवढ्याच विद्युतप्रवाहातून कमी शक्ती मिळते; आणि सेल तापले की त्यांचे आयुष्य वाचवण्यासाठी गाडीच प्रवाह आवरते. त्यात बॅटरी थंड करणारी यंत्रणा आणि केबिनचा एसी एकाच कॉम्प्रेसरवर चालतात. डिसेंबरमध्ये पहाटे 10 अंशांत आणि 40 टक्के चार्जवर मोजले होते तेव्हाही 9.7 आले होते, कारण गार बॅटरीलाही जोराने शक्ती देता येत नाही. सॉफ्टवेअरने अर्धा सेकंद दिला आणि ऋतूने व कमी चार्जने मिळून एक सेकंद काढून घेतला. म्हणून कोणत्याही कंपनीने शून्य ते शंभरचा आकडा छापताना किती तापमानात, किती चार्जवर आणि कितव्या फेरीला तो मिळाला, हेही सोबत छापले पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. ग्राहकाने टेस्ट ड्राइव्ह मागताना पूर्ण चार्ज केलेल्या गाडीऐवजी 30 टक्के चार्जची गाडी उन्हाच्या वेळी मागावी.

तक्रार एकच आहे, पण ती खरी आहे. अपडेटच्या माहितीत फक्त "कामगिरीत सुधारणा व किरकोळ दुरुस्त्या" इतकेच लिहिले होते. प्रत्यक्षात इको मोडमधला, म्हणजे वीज वाचवणाऱ्या मोडमधला, ॲक्सिलरेटर पेडलचा प्रतिसादही बदलला होता. पूर्वी जितके दाबल्यावर गाडी सावकाश सरकायची, तितक्यातच ती आता झटका देऊन पुढे जायची. शंकरनगर चौकातल्या गर्दीत मागे बसलेली आई दोनदा म्हणाली, "अरे बाप्पा, हळू घे नं, मान हासडते." सर्व्हिस सेंटरने आधी पेडल तपासून "ठीक आहे" असा शेरा दिला आणि जुन्या आवृत्तीवर परत जाता येत नाही असे सांगितले. सात आठवड्यांनी दुसरे अपडेट आले आणि पेडल पुन्हा मऊ झाले, पण त्याच्या माहितीतही तीच दोन शब्दांची सुधारणा आणि त्याच किरकोळ दुरुस्त्या होत्या. ज्या पेडलवर माझ्या घरच्यांचा जीव अवलंबून आहे, त्यात केलेला बदल मला आधी सांगितला जावा, ही अपेक्षा अवाजवी नाही.

टायरांची झीज पुढे जास्त आहे: पुढे 4.6 मिलिमीटर नक्षी उरली आहे, मागे 6.1. बाहेरच्या दुकानातून सॉफ्टवेअर बदलून शक्ती वाढवण्याविषयी दोघांनी मला विचारले; त्यांना मी मोटार वाहन कायद्याचे कलम 52 वाचायला सांगितले, कारण कंपनीने नोंदवलेल्या तपशिलात स्वतःहून फेरफार केला की विम्याचाही प्रश्न उभा राहतो.

परवा रात्रीपासून स्क्रीनवर तिसऱ्या अपडेटची सूचना दिसते आहे. ते मी रविवारपर्यंत थांबवून ठेवले आहे; आधी गोदामावर जाऊन 80 टक्के आणि 30 टक्के चार्जवर सहा-सहा फेऱ्या मोजायच्या आहेत.