वायिक्राचा खंड आणि आजोबांचा घाणा

आमचे आजोबा अलिबाग तालुक्यात तेलाचा घाणा चालवायचे. शुक्रवारी दिवस मावळला की बैल सोडायचे, तो शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत पुन्हा जुंपायचे नाहीत. आम्हा बेने इस्राएलांना, म्हणजे शनिवारी विसावा पाळणाऱ्या इथल्या ज्यूंना, कोकणात ‘शनवार तेली’ म्हणत ते यामुळेच. त्या दिवशीचं गिऱ्हाईक शेजारच्या घाण्यावर जायचं. आजोबा कर्जातच गेले. बाबा एकदाच बोलले होते, ‘‘त्यांनी एवढं पाळलं, मग तोरात (मोशेच्या पाच पुस्तकांत) लिहिलेली भरभराट कुठं राहिली?’’

तो प्रश्न डोक्यात होता म्हणून जेरुसलेमला गेले तेव्हा ‘मिक्राओत गदोलोत’चा, म्हणजे भाष्यांसह छापलेल्या तोराचा, पाच खंडांचा संच घेतला. इथे लिहितेय ते तिसऱ्या खंडाबद्दल, म्हणजे वायिक्रा (लेवीय) या पुस्तकाबद्दल.

या प्रकारच्या ग्रंथाची मांडणी आधी समजून घ्यायला हवी. पानाच्या मध्यावर ठळक अक्षरात मूळ वचनं, शेजारी ओंकेलोसचं अरामी भाषांतर आणि भोवतीनं दाटीवाटीनं भाष्यकार. ही पद्धत व्हेनिसला डॅनियल बॉम्बर्गच्या छापखान्यात 1516-17 साली छापील रूपात आली. फ्रान्समधले राशी (1040-1105), स्पेनमधले इब्न एझ्रा आणि रामबान (नाहमानिडीस), प्राग शहरातले ‘क्ली याकार’ हे भाष्य लिहिणारे रब्बी (धर्मगुरू), सगळे एकाच पानावर बोलतात, आणि एकमेकांशी सहमत नसतात. मला यातलं सगळ्यात आवडलं ते हेच.

अध्याय 26 उघडा. ‘माझ्या विधींप्रमाणे चालाल तर तुम्हाला वेळच्या वेळी पाऊस देईन.’ सिनेगॉगमधल्या दर आठवड्याच्या वाचनात हा पाठ साधारण मेमध्ये येतो. आपण ठाण्यात घामाघूम होऊन मृगाकडे डोळे लावून बसलेले असतो, म्हणून हे वाक्य अंगाला भिडतं. खरं तर त्या देशात पाऊस हिवाळ्यात पडतो, मेमध्ये तिथे उन्हाळा लागलेला असतो. राशी म्हणतात, वेळच्या वेळी म्हणजे लोक बाहेर पडत नाहीत तेव्हा, शुक्रवारच्या रात्री. मी हे वाचलं तेव्हा मला आजोबांचा सोडलेला बैल दिसला. ‘पोटभर भाकर खाल’ यावर राशी सांगतात, माणूस थोडंच खाईल आणि तेच पोटात पुरून उरेल. आपण याला बरकत म्हणतो. हिब्रू ‘बेराखा’ आणि अरबीतून आलेला हा शब्द सख्खे नातेवाईक आहेत. आणि शांतीच्या आशीर्वादावर त्यांचं एकच म्हणणं: शांती नसेल तर बाकी काहीच नाही.

शापांची यादी आशीर्वादांपेक्षा कितीतरी लांब आहे, याची मला लहानपणी भीती वाटायची. इब्न एझ्रा असं मोजणाऱ्यांना पोकळ डोक्याचे ठरवतात. त्यांचं म्हणणं, आशीर्वाद मोघम सांगितलेत आणि शाप धाक बसावा म्हणून तपशिलात.

बाबांच्या प्रश्नाला भिडतात ते क्ली याकार, 12व्या वचनावर. तोरात परलोकाच्या फळाबद्दल स्पष्ट शब्द का नाहीत, यावर आधीच्या विद्वानांची सात मतं त्यांनी एकत्र मांडलीत. मला रामबाम (मैमोनिडीस) यांचं मत पटलं. पाऊस, धान्य, आरोग्य ही मजुरी नव्हेच. आज्ञा पाळणाऱ्याच्या वाटेतले भूक, आजार, युद्ध असे अडथळे देव दूर करतो, म्हणजे त्याला आणखी पाळता यावं. खरं फळ पुढच्या जगात. हे वाचून मी बराच वेळ पुस्तक मिटून बसले. आजोबांना घाणा बंद ठेवूनही शनिवारी घरात दिवा आणि ताटात भाकर होती. दुसऱ्या दिवशी बैल जुंपण्याइतकं बळ होतं.

रामबान मात्र ऐकवत नाहीत इतके ठाम आहेत. देवाची कृपा असलेल्या लोकांना वैद्याची गरजच नाही, असं ते लिहितात, आणि स्वतः वैद्यकी करायचे! मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्या मला हे पचलेलं नाही.

आता उणिवा. भाष्यं ‘राशी लिपी’त आहेत. ती नेहमीच्या हिब्रू अक्षरांपेक्षा वेगळी असते. मला सरावायला दोन महिने लागले. रामबानांचा मजकूर इतका बारीक आहे की भिंगाशिवाय वाचता येत नाही, आणि माझ्या प्रतीची शिवण दुसऱ्याच वर्षी सुटली. शिवाय भाष्यकार तालमुदचा (जुन्या रब्बींच्या चर्चांच्या संग्रहाचा) नुसता इशारा करून पुढे जातात. उदाहरणार्थ, बापाच्या सांगण्यावरून माडीवर चढून, आधी पक्षिणीला उडवून मग पिल्लं घेणारा मुलगा. बापाचा मान राखणं आणि पक्षिणीला आधी सोडणं, या दोन्ही आज्ञांना दीर्घायुष्याचं वचन आहे, तरी तो उतरताना पडून मेला. रब्बी याकोव म्हणतात, आज्ञेचं फळ या जगात नाहीच. ही गोष्ट तालमुदच्या किद्दुशीन या भागात, पान 39ब वर आहे. ती मी ‘सेफारिया’ या मोफत संकेतस्थळावर इंग्रजी भाषांतरासह वाचली.

हिब्रू अक्षरओळख असेल तर जरूर घ्या. पूर्ण संच महाग वाटला तर एकटा वायिक्रा मिळतो का विचारा, आणि घेण्याआधी 26व्या अध्यायाची छपाई डोळ्यांखालून घाला. माझी प्रत ठाण्यातल्या शाआर हाशामाईम सिनेगॉगजवळच्या बाइंडरकडून पुन्हा शिवून आणली आहे.