काशाची वाटी, चमचाभर तूप आणि रात्रीचे साडेनऊ

दोन वर्षांपासून मला रात्री तीनला जाग यायची. वय ५१, पाळी जायचे दिवस. नाशिकला मराठी शाळेत सकाळच्या सत्रात शिकवते, म्हणजे साडेसहाला घर सोडावंच लागतं. तीनपासून पाचपर्यंत पंख्याकडे बघत पडायचं आणि मग उठून डबे. एकदा दुसऱ्या तासाला सातवीतल्या एका मुलीने साधी शंका विचारली आणि मी तिच्यावर ओरडले. ती खाली बसली आणि तास संपेपर्यंत तिने मान वर केली नाही. त्या दिवशी संध्याकाळी मी डॉक्टरांकडे गेले. थायरॉईड, हिमोग्लोबिन सगळं तपासून झालं, ठीक निघालं. गोळीआधी रात्रीच्या सवयी बदलून बघा, असं त्या म्हणाल्या. घरी येऊन सांगितलं तर सासूबाई म्हणाल्या, "पायाला वाटी लाव की. आमच्याकडे उन्हाळ्यात रोज लावायचे."

घरची जुनी वाटी नणंदेच्या लग्नात तिच्यासोबत गेलेली. म्हणून शनिवारी शाळा सुटल्यावर मी भांडी बाजारात गेले. तुपाचं बोट देऊन तळवे चोळायच्या त्या काशाच्या वाटीचं हे परीक्षण आहे. सात महिने रोज वापरून झाल्यावर लिहिते आहे.

खरेदीबद्दल आधी सांगते, कारण फसायला होतं ते इथेच. कासं म्हणजे तांबं आणि कथील, साधारण ७८ भाग तांबं आणि २२ भाग कथील. पितळेत तांब्याबरोबर जस्त असतं. पॉलिश केल्यावर दोन्ही पिवळीच दिसतात आणि पितळेची वाटी काशाची म्हणून सहज खपते. दुकानदार जाणता होता. त्याने तीन वाट्या एकेक करून तळहातावर ठेवल्या आणि लाकडी दांडीने टिचकी दिली. "ताई, बघू नका, ऐका." दोन वाट्या टण्ण करून गप्प झाल्या. तिसरीचा नाद देवळातल्या घंटेसारखा लांबत गेला. घंटा आणि वारकऱ्यांचे टाळ याच धातूचे का करतात ते तेव्हा कळलं. कासं कडक असतं, पण ठिसूळही. उंचावरून फरशीवर पडलं तर तडकतं, हेही त्याने न विचारता सांगितलं. माझी वाटी १६८ ग्रॅमची आहे. वजनावर घेतली, ४५० रुपयांच्या आत पडली. बुडाला बैठकीची कड नसलेली, गोल बुडाची घ्या. कडेची वाटी घोट्यापाशी टोचते. लाकडी मुठीचीही मिळते, मी हातात धरून पाहिली. तुपाच्या हातात मूठ फिरते, त्यापेक्षा तळव्यात बसणारी नुसती वाटी बरी.

लावायची पद्धत सोपी आहे. चमचाभर साजूक तूप कोमट करायचं. खाली जुना पंचा अंथरायचा. टाचेपासून बोटांकडे, मग तळव्याच्या खोलगट भागात गोल गोल, घोट्याच्या हाडाभोवती अगदी हलक्या हाताने. एका पायाला सात-आठ मिनिटं. थंडीत मी तिळाचं तेल घेते, एप्रिल-मेमध्ये खोबरेल. तूप दोन्हींपेक्षा जास्त वेळ टिकतं, लगेच शोषून कोरडं पडत नाही, म्हणून वाटी छान फिरते. फक्त उरलेलं तूप वाटीत ठेवून देऊ नका. दहा दिवस काशात राहिलेलं तूप खाऊ नये, असं आपल्या जुन्या वैद्यांनी विरुद्ध आहारात लिहूनच ठेवलं आहे. आणि रोज थोडं थोडं ठेवत गेलं की दहा दिवस कधी होतात कळत नाही.

आता त्या काळ्या रंगाबद्दल. चोळता चोळता तळवा काळपट होतो आणि सगळे म्हणतात, बघा, उष्णता निघाली. मलाही पहिल्या रात्री तसंच वाटलं, समाधानही वाटलं. मग एका रविवारी मी तुपात बुडवलेल्या पांढऱ्या सुती फडक्यावर तीच वाटी पाच मिनिटं घासली. फडकंही काळं झालं. फडक्याच्या अंगात कसली उष्णता? धातू घासला जातो, तुपातल्या आम्लांशी आणि पायाच्या घामाशी त्याचा संयोग होतो, त्याचा तो रंग. मी विज्ञान शिकवते, म्हणून हे स्पष्ट लिहिते. पाय किती काळे झाले यावरून आपल्या तब्येतीचा अंदाज करू नका, आणि कुणी तसा करून पुढची औषधं विकायला लागलं तर उठून या.

तरीही वाटी काम करते. का करते याचं मला पटलेलं कारण असं. झोप लागण्याआधी शरीर आतली उष्णता हातापायांच्या कातडीतून बाहेर सोडतं, त्यासाठी तिथल्या रक्तवाहिन्या रुंदावतात. पाय उबदार असले की झोप लवकर लागते, हे स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या संशोधकांनी १९९९ मध्ये ‘नेचर’ या विज्ञानाच्या नियतकालिकात मांडलं होतं. पंधरा मिनिटं चोळल्यावर माझे तळवे खरोखर ऊबदार होतात आणि ती ऊब पांघरुणात शिरल्यावरही राहते. अष्टांगहृदय या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात दिनचर्येच्या अध्यायात अभ्यंगाचे, म्हणजे अंगाला तेल लावण्याचे, फायदे मोजताना त्यात झोप आहे, आणि डोकं, कान, पाय इथे तेल विशेष करून लावावं असं पुढे म्हटलं आहे. चरकांनी झोप आणणाऱ्या गोष्टींत अंग चोळून घेण्याबरोबर मनाला आवडणारे वास, आवडणारे आवाज, सुखाचं अंथरूण आणि ठरलेली वेळ हेही सांगितलं आहे. या यादीतलं शेवटचं मी सर्वात उशिरा ऐकलं. पहिले दहा दिवस वाटी कधी नऊला, कधी अकराला लावत होते आणि फरक शून्य होता. साडेनऊ ठरवले, फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला ठेवायला लागले, जेवण साडेसातला आणलं, चारनंतरचा चहा सोडला, तेव्हा तिसऱ्या आठवड्यात पहिल्यांदा सलग पाचपर्यंत झोपले. शाळेतून आल्यावरची दुपारची झोपही बंद केली. आयुर्वेदात ती साधारण उन्हाळ्यापुरतीच चालते. मी बारा महिने घेत होते.

मशीनचंही विचारतील म्हणून लिहिते. काशाचं ताट फिरवणारी यंत्रं आता गल्लोगल्ली दिसतात. एका केंद्रात मी तीनदा गेले. पाय मस्त तापतात, पोटऱ्या मोकळ्या होतात, दिवसभर उभं राहणाऱ्याला आराम नक्की मिळतो. पण समोर मोठ्या आवाजात टीव्ही, मोटारीची घरघर, नंतर पाय पुसून गर्दीतून स्कूटर चालवत घरी. झोप रस्त्यावरच उडते. अहो आठवडाभर नागपूरला होते तेव्हा मी स्वतःच्या हाताने लावून पाहिली. पाठ वाकवून तळव्यापर्यंत पोचायचं, जोर लावायचा, मग हात धुवायला उठायचं. पाय ऊबदार झाले, डोकं जागंच राहिलं.

म्हणून माझं ठाम मत, ही वाटी दुसऱ्याच्या हातात असावी. आमच्याकडे आम्ही दोघं एकमेकांना लावतो. पहिल्या रात्री अहो माझा पाय मांडीवर घेऊन बसले आणि सासूबाई खोलीच्या दारात आल्या. मी पाय ओढून घेतला. नवऱ्याने बायकोच्या पायांना हात लावणं त्यांच्या पिढीत कुठे बसणार? त्या क्षणभर उभ्या राहिल्या, मग म्हणाल्या, "अरे, बोटांपासून नको. टाचेपासून घे. आणि इतकं दाबू नकोस, तिचा पाय आहे तो, कणीक नाही." आता साडेनऊला त्यांचा पाय आधी, मग माझा, मग ह्यांचा. पाऊण तास जातो. त्या पाऊण तासात आम्ही दिवसभराचं बोलतो, नाही तर गप्प बसतो. वाटीचा तळव्यावरचा तो घासल्याचा हळू आवाज मला आता शाळेत दुपारीसुद्धा आठवतो.

उणिवा आहेत. तूप चादरीला लागतं, डाग जात नाहीत, म्हणून जुने सुती मोजे घालून झोपावं लागतं. दुसरी गंभीर आहे. फेब्रुवारीत सासूबाई तुपाच्या पायांनी बाथरूमला जायला उठल्या आणि फरशीवर घसरल्या. कपाटाची कड हाताशी आली म्हणून पडल्या नाहीत. तेव्हापासून लावून झालं की हरभऱ्याच्या पिठाने पाय चोळून ओल्या फडक्याने पुसते, मगच उठू देते. घरात म्हातारं माणूस असेल तर ही पायरी कधीही गाळू नका. मधुमेहामुळे तळव्यांची जाणीव कमी झाली असेल, जखम असेल, पायात रक्ताची गुठळी झालेली असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय वाटी लावू नये.

आणि घोरण्यावर हिचा काही उपयोग नाही. ह्यांचा श्वास झोपेत मध्येच थांबायचा, मग दचकून उठायचे. तीन महिने आम्ही वाटीवर विसंबून राहिलो, ते चुकलं. झोपेची तपासणी करून घेतली तेव्हा खरं कळलं, आता त्यांचे उपचार चालू आहेत.

मला अजूनही आठवड्यातून दोनदा तीनला जाग येते. पण पाणी पिऊन कुशीवर वळले की पंधरा-वीस मिनिटांत परत झोप लागते, पूर्वीसारखी पाचची वाट बघत पडत नाही. सातवीतली ती मुलगी आता आठवीत आहे. मधल्या सुट्टीत शंका विचारायला ती पुन्हा टेबलापाशी येते.

मागच्या महिन्यात भांडी बाजारातून दुसरी वाटी घेतली, १७५ ग्रॅमची, लेकीसाठी. ती बंगळूरला मैत्रिणीबरोबर राहते आणि रात्री दोनपर्यंत जागी असते. टिचकी मारून फोनवर तिला नाद ऐकवला. "मम्मी, पण लावणार कोण?" म्हणाली. म्हटलं, मैत्रिणीचे पाय आधी तू चोळ.