कार्डांचा संग्रह विकताय? ‘ग्रेडिंगला मी पाठवतो’ म्हणणाऱ्याला कार्ड देऊ नका

लहानपणी मी आणि माझ्या धाकट्या भावाने जमवलेली पोकेमॉन कार्डं आम्ही विकायला काढली आणि त्यातलं सगळ्यात मोलाचं कार्ड घालवून बसलो. ते विकलं गेलं नाही, बदललं गेलं. कसं, ते तपशिलात लिहितेय, कारण समोरच्या माणसाचं बोलणं इतकं जाणकाराचं होतं की कुणालाही ते पटलं असतं.

आमच्याकडे मुख्यतः 1999 साली इंग्रजीत आलेल्या पहिल्या संचाची, म्हणजे बेस सेटची कार्डं होती. संच 102 कार्डांचा, पण त्याच्या छपाया वेगवेगळ्या आहेत आणि भाव ठरतो तो छपाईवरून. सुरुवातीच्या छपाईत चित्राच्या चौकटीला उजवीकडे सावली नाही, त्या कार्डांना शॅडोलेस म्हणतात. नंतर भरपूर छापलेल्या अनलिमिटेड कार्डांवर ती सावली आहे. तळाची कॉपीराइटची ओळही बघायची: शॅडोलेसवर ‘1995, 96, 98, 99’ असे आकडे असतात, अनलिमिटेडवर त्यातला 99 नसतो. चित्र तेच, क्रमांक तोच, किंमत मात्र कित्येक पट वेगळी. आमचं सगळ्यात मोलाचं कार्ड, चारिझार्ड या पोकेमॉनचं, क्रमांक 4/102, शॅडोलेस होतं.

खरेदीदाराने अल्बम चाळला तेव्हा चारिझार्डवर त्याची नजर जेमतेम टिकली. तो थांबला मचॅम्प या दुसऱ्या पोकेमॉनच्या कार्डावर. ‘फर्स्ट एडिशनचा शिक्का आहे याच्यावर, हे तुम्हाला माहीत नसेल,’ असं म्हणून त्याने स्वतःहून चांगली रक्कम सांगितली. न मागता जास्त पैसे देणारा माणूस आम्हाला सज्जन वाटला. पुढे कळलं की मचॅम्प स्टार्टर सेटच्या प्रत्येक डब्यात यायचा आणि सावली असलेल्या छपाईतही त्याच्यावर तो शिक्का आहेच. म्हणजे शिक्का खरा, पण कार्ड दुर्मिळ नाही. त्या जास्तीच्या पैशात त्याने आमचा विश्वास विकत घेतला.

मग तो चारिझार्डकडे वळला. ‘हे असं सुटं विकू नका. माझी बाकीची कार्डं ग्रेडिंगला चाललीच आहेत, त्यांच्यासोबत पाठवतो. एकत्र पाठवलं की खर्च कमी पडतो. ग्रेड आला की विकू, वरच्या पैशात माझा वाटा ठेवू.’ यातला सल्ला चुकीचा नव्हता. पीएसए, बेकेट, सीजीसी या कंपन्या कार्डाचे कोपरे, कडा, पृष्ठभाग आणि चित्र किती मधोमध छापलंय ते तपासतात, 1 ते 10 मध्ये ग्रेड देतात आणि कार्ड प्लॅस्टिकच्या कवचात सील करतात. चांगला ग्रेड मिळाला तर भाव खरंच वाढतो. फसवणूक सल्ल्यात नव्हती, कार्ड त्याच्या हातात जाण्यात होती. पावतीवर त्याने लिहिलं, ‘काही सुटी कार्डं, तपासणीसाठी’. पावती करायचीच तर नाव, क्रमांक, छपाईचा प्रकार आणि कार्डावरची प्रत्येक खूण लिहून घ्या आणि दोन्ही बाजूंचे जवळून काढलेले फोटो तिला जोडा. त्यापेक्षा कमी लिहिलेली पावती विकणाऱ्याच्या काहीच कामाची नाही.

काही महिन्यांनी निरोप आला: कार्ड ट्रिम केलेलं निघालं, कंपनीने ग्रेड नाकारला. ट्रिम म्हणजे घासलेल्या कडा बारीक कापून नव्यासारख्या करणं. या धंद्यात तो शब्द ऐकला की विकणारा गप्प होतो, कारण असले प्रकार खरोखर झालेले आहेत. पीएसएने 1991 मध्ये ग्रेड केलेलं पहिलंच कार्ड, होनस वॅग्नर या बेसबॉल खेळाडूचं, टी206 या जुन्या संचातलं, नंतर ट्रिम केलेलं निघालं. बिल मास्त्रो या लिलाववाल्याने 2013 मध्ये अमेरिकेच्या न्यायालयात ते आपणच ट्रिम केल्याची कबुली दिली. आम्हीही क्षणभर घाबरलो. आपल्याच कार्डात खोट आहे म्हटल्यावर वाद तरी काय घालणार?

परत आलेलं कार्ड भावाने हातात घेतलं आणि त्याला चौकटीच्या उजवीकडे सावली दिसली. तो अनलिमिटेड चारिझार्ड होता. आम्ही तो दुसऱ्या कार्डावर ठेवून पाहिला, मापात काडीचाही फरक नव्हता. पोकेमॉन कार्ड 63 बाय 88 मिलिमीटर असतं आणि हे पुरेपूर तेवढंच भरलं. म्हणजे ट्रिम केल्याची गोष्टसुद्धा खोटी. ग्रेडिंगला पाठवल्याचा नोंदणी क्रमांक मागितला तर तो सापडत नव्हता. कंपनी ग्रेड नाकारते तेव्हाही कार्डाची नोंद पाठवणाऱ्याच्या खात्यावर राहते, त्यामुळे ‘सापडत नाही’ याचा अर्थ आम्हाला कळला. आमच्याकडे फक्त अल्बमच्या अख्ख्या पानाचा फोटो होता. ‘उजेडामुळे फोटोत सावली दिसत नाही,’ असं उत्तर देऊन त्याने पुढे आमचे फोन घेतले नाहीत. ते कार्ड आम्हाला परत मिळालं नाही.

म्हणून कळकळीने सांगते, ग्रेडिंगला कार्ड स्वतःच्याच नावाने पाठवा. फॉर्म भरणं, कार्ड आधी मऊ स्लीव्हमध्ये आणि मग अर्धवट कडक होल्डरमध्ये घालणं, विमा उतरवून पार्सल करणं, यात घरबसल्या जमणार नाही असं काही नाही. सगळीच कार्डं पाठवू नका. ग्रेडिंगची फी, टपाल आणि विमा वजा करून हातात जास्त उरणार असेल तरच पाठवा. आणि पाठवण्याआधी कार्ड पुसू नका. कापडाने चकाकत्या पृष्ठभागावर ओरखडे उठतात आणि ग्रेड तिथेच खाली येतो.

भाव बघताना लोकांनी मागितलेली किंमत धरू नका, प्रत्यक्ष विकल्या गेलेल्या कार्डांची बघा, तीही त्याच छपाईच्या आणि त्याच अवस्थेतल्या. त्यातून विक्रीच्या संकेतस्थळाचं कमिशन वजा करा. मगच व्यापाऱ्याचा आकडा कमी आहे की रास्त, ते कळेल. व्यापारी बाजारभावापेक्षा कमी देणारच, त्यालाही ते कार्ड पुढे विकायचं असतं, आणि तो हे उघड सांगत असेल तर त्यात फसवणूक नाही. साधी कार्डं एकगठ्ठा त्याला देऊन टाकावीत, एकेक विकण्याची मेहनत परवडत नाही. मात्र गठ्ठा बांधण्याआधी प्रत्येक कार्डाची चौकट आणि कॉपीराइटची ओळ बघा. शॅडोलेस छपाई साध्या कार्डांचीही आहे आणि संपूर्ण अल्बमचा एकच आकडा सांगणाऱ्याला ती नेमकी कुठे आहेत ते ठाऊक असतं.

उरलेली कार्डं आम्ही स्वतःच विकतोय. विकत घेणाराही अदलाबदल करू शकतो, याची धास्ती आता आहे. तो ‘वर्णनाप्रमाणे नाही’ म्हणून तक्रार करतो आणि तुमच्या कार्डाऐवजी घासलेलं दुसरंच परत पाठवतो. पेपॅलसारख्या ऑनलाइन पैसे पाठवण्याच्या सेवेवर अशी तक्रार पैसे मिळाल्यानंतरही करता येते, म्हणजे पैसे जमा झाले तरी व्यवहार संपलेला नसतो. त्यासाठी आम्ही कार्डाच्या चारही कोपऱ्यांचे जवळून फोटो काढतो, पाकीट बंद होईपर्यंत एकसलग व्हिडिओ घेतो, पार्सलचा माग ठेवता येईल अशाच सेवेने पाठवतो आणि सहा महिने यातलं काही पुसत नाही. ग्रेड केलेलं कार्ड असेल तर कवचावरचा प्रमाणपत्र क्रमांकही फोटोत घेतो. तो क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर तपासता येतो, त्यामुळे परत आलेलं कार्ड तेच आहे की नाही यावर वाद उरत नाही.