पाचही फेनिगांना एकच चीर

व्हिएन्नाला राहायला आल्यापासून मला इथल्या मध्ययुगीन नाण्यांचा नाद लागला. त्यातही वीनर फेनिग. चांदीचा एवढासा तुकडा, वजनाला एक ग्रॅमही भरत नाही. कडा हातोडीने ठोकलेल्या, त्यामुळे आकार धड गोल नाही, धड चौकोनी नाही, आणि चित्र बऱ्याचदा अर्धंमुर्धंच उमटलेलं. मला ते फार आवडतं.

गेल्या हिवाळ्यात ऑनलाइन एकाकडून पाच फेनिग घेतले, 340 युरोंना. म्हणाला, 1194 चे आहेत, इंग्लंडच्या राजा रिचर्डच्या खंडणीच्या चांदीतले. ऑस्ट्रियाच्या ड्यूक लिओपोल्ड पाचव्याने 1192 च्या डिसेंबरात रिचर्डला पकडून ड्युर्नस्टाइनच्या किल्ल्यात ठेवलं होतं. खंडणीतल्या त्याच्या वाट्यातून व्हिएन्नाची टांकसाळ सुरू झाली, असं सांगतात. त्या गोष्टीला मी भुललो. या नाण्यांवर साल नसतं, हे मला चांगलं ठाऊक होतं. तरी '1194 कशावरून?' एवढंही विचारलं नाही.

नाणी हातात आली तर काळपट. कळवलं, तर उत्तर आलं, "शिंडरलिंग आहेत, चांदी कमीच असते." शिंडरलिंग म्हणजे सम्राट फ्रेडरिक तिसऱ्याच्या काळात, 1460 च्या आसपास पाडलेली हिणकस नाणी. लोकांचे अतोनात हाल झाले होते त्यांच्यापायी. म्हणजे एका उत्तरात माझी नाणी अडीचशे वर्षांनी धाकटी झाली, आणि तेव्हाही मी गप्प बसलो. याचंच जास्त वाईट वाटतं.

मग एका रात्री पाचही भिंगाखाली शेजारीशेजारी ठेवली. प्रत्येकाच्या उजव्या कोपऱ्याला चीर, तिरकी, अगदी तेवढीच लांब. एकावर एक ठेवली तर कडाही तंतोतंत जुळल्या. एका ठशाची दोन नाणी असू शकतात, पण हातोडीने वेगवेगळी ठोकलेली कड आणि चीर दोनदा तशीच येणं शक्य नाही. पृष्ठभागावर बारीक बारीक छिद्रं होती, चित्राच्या रेषा साबण झिजावा तशा बुळबुळीत. एका खऱ्या नाण्याचा साचा करून पाचही ओतलेली, म्हणजे बनावट.

पैसे थेट बँकेतून पाठवले होते, ते गेले. पोलिसांत तक्रार दिली आहे. विक्रेत्याचं खातं बंद झालंय. आता मी आधी वजन, दोन्ही बाजूंचे आणि कडेचे फोटो मागतो. कुणी टाळाटाळ केली की विषय संपला.

परवा दुसऱ्या नावाने सहा फेनिग विकायला आलेत, "रिचर्डची चांदी" म्हणूनच. फोटो मोठा करून पाहा, उजव्या कोपऱ्याला तीच तिरकी चीर आहे.